फोनवरच्या भाकऱ्या

मी मस्कतला निघालो त्याच्या आदल्या आठवड्यात आईनं एजंटाला जेवायला घातलं. पासपोर्ट न्यायला तो मुरगूडला आमच्या घरी आला होता. संध्याकाळची वेळ, तव्यावर भाकरी. "आता जेवूनच जावा पावणं," म्हणत तिनं त्याला पाटावर बसवलं आणि स्वतः समोर भिंतीला टेकून बसली. तो जेवत होता आणि ती बघत होती. मसुराची आमटी, भाकरी, खर्डा, कांदा. त्यानं कांदा बाजूला सारला, खर्ड्याला बोट लावलं नाही आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून हात धुतले. तो दाराबाहेर पडल्या पडल्या आई म्हणाली, "ह्यो फसवणार बघ. भाकरी टाकून उठला."

बापू, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "अगं, तिखट सोसलं नसंल त्याला."

"तिखट सोसत न्हाय तर कोल्हापुरात धंदा कशाला करतोय?"

पासपोर्ट तोवर त्याच्या बॅगेत गेला होता. निघायच्या सकाळी स्टँडवर भाकऱ्यांचं गाठोडं माझ्या हातात देताना आई रडली नाही. खिडकीतून तिनं एवढंच सांगितलं, "वाचल्याबिगर सही करू नगोस. आन जेवताना माणसाकडं बघत जा." गाडी हलली तरी ती ड्रायव्हरकडे संशयानं बघत होती.

एजंटानं फसवलं नाही. जे काम सांगितलं होतं तेच दिलं. नववीतून शाळा सुटलेल्या पोराला फर्निचरच्या गोदामात लावलं, फोर्कलिफ्ट शिकायला मिळाली, लायसन झालं. अर्धी भाकरी टाकणाऱ्या त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. पण आईची नजर माझ्यात उतरली ती उतरलीच. कोण काय खातो, काय टाकतो, काय झाकतो, हे मला आपोआप दिसतं. शिकलेली माणसं कागद वाचतात. मला कागद नीट वाचता येत नाही, म्हणून मी ताट वाचतो.

तुमच्यातले जे घर सोडून लांब गेले आहेत, त्यांना कामगारांच्या कॅम्पचं जेवण सांगायला नको. आमचा मेसवाला केरळचा, हात चांगला, मनानंही चांगला. पण रात्रीचं जेवण म्हणजे जाड भात, नारळातले मासे, सांबार, नाहीतर दुकानातला खुबूस आणि डाळ. खुबूस म्हणजे इकडची रोटी. गरम असेपर्यंत बरा, गार झाला की चप्पल. तक्रार नाही. पोट भरतं, एसी आहे, अंघोळीला पाणी आहे. पण सोमवार काय आणि गुरुवार काय, ताटाकडे बघून वार कळत नाही.

आमच्या घरी वार ताटावरून कळायचा. सोमवारी मसूर, मंगळवारी पिठलं, बुधवारी अंडी किंवा जमलं तर मटण, गुरुवारी मुगाची आमटी आणि मेथी, शुक्रवारी वांगं, शनिवारी मटकीची उसळ. रोज भाकरी. पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखं यात काही नाही. कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. तो सणाला, जत्रेला. आम्ही मोठे झालो ते या साध्या आमटीवर.

बापू गेले तेव्हा मी इकडंच होतो, आणि नंतरही बरीच वर्षं घरी जाणं जमलं नाही. त्यानंतर आईला सांभाळलं ते दादानं आणि वैनीनं. दादा दुधाचा टेंपो चालवतो, रात्री उशिरा घरी येतो. वैनी निपाणीकडची, कागलच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, संध्याकाळी सातला परत. त्या दोघांच्या जिवावर मी इथं निवांत झोपू शकतो, हे मी रोज मनात म्हणतो. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

रोज काम सुटलं की मी ताट घेऊन खाटेवर बसायचो, मोबाईल ग्लासाला टेकवायचो आणि आईला व्हिडिओ कॉल लावायचो. इथं सात म्हणजे तिकडं साडेआठ. पहिला प्रश्न ठरलेला.

"आज काय केलंय?"

"आज व्हय? वांग्याचं भरीत, भाकरी, खर्डा."

ती सांगायची, मी भात कालवायचो आणि घास आपोआप खाली जायचा. शेजारच्या खाटेवरचा सोलापूरचा सलीमभाई चेष्टा करायचा, "तू मासे खातोस का भरीत?"

मग एका रात्री आईचा फोन ठेवून मी दादाला लावला, विमा कंपनीच्या कसल्याशा कागदाबद्दल विचारायला. दादा अजून टेंपोवर होता, फोन घरी विसरलेला. वैनीनं उचलला. सहज विचारलं, "वैनी, जेवण झालं? काय केलं होतं?"

"काय न्हाय भावजी, अंडा राइस. कामावरनं आलो, कंटाळा आलता."

मी फोन ठेवला. आत्ताच आईनं भरीत सांगितलं होतं. सातला घरी आलेली बाई अंडा राइस करते, मग भरीत-भाकरी कुणी केली? आणि घरात अंडा राइस असताना आईच्या ताटात दुसरंच का?

सलीमभाईला सांगितलं. तो म्हणाला, "एका घरात दोन मेनू म्हणजे दोन चुली, समजून जा. तुझ्या आईला वेगळं काढलंय."

मला ते वाक्य रात्रभर चावलं. दुसऱ्या दिवसापासून मी दोन फोन करायला लागलो. आधी आईला, मग काहीतरी निमित्त काढून वैनीला. आई म्हणाली मुगाची आमटी. वैनी म्हणाली खिचडी. आई म्हणाली उसळ. वैनी म्हणाली नूडल्स. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "मी येतो तवा पातेल्यात जे असंल ते खातो. तू तिकडं बसून काय भाज्या मोजायलाईस?"

मग मी आईला म्हणायला लागलो, "ताट दाखव की."

"ताट काय दाखवायचं? नजर लागती."

"माझी?"

"कुणाची बी लागती."

कॅमेरा नेहमी तिच्या तोंडाजवळ. मागं भिंत आणि कॅलेंडर. ती फोन डाव्या हातात धरायची, उजवा हात कधी दिसायचा नाही, आणि त्या हातात काय लपवलंय असंही मला वाटायला लागलं. भर आषाढात तिनं एकदा कोवळ्या हरभऱ्याची भाजी सांगितली. मी म्हटलं, "आत्ता कुठला कोवळा हरभरा?" ती म्हणाली, "वाळवून ठेवलेला." वाळवलेला हरभरा कोवळा कसा असेल? शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला एवढं कळतं. माझी खात्री झाली की आईला ताटात काय मिळतंय ते सांगायची लाज वाटते आहे. शिळं मिळत असेल. मिळतही नसेल.

हातकणंगल्याला माझी थोरली बहीण असते. तिला फोन करून मी म्हटलं, "ताई, मी येतोय. आईला तुझ्याकडं आणून सोडतो. दादाला कळू देऊ नको." ताई म्हणाली, "आण." रजा मिळवली. घरी कळवलं नाही. पोचायला मुद्दाम मंगळवार धरला. रविवारी कुणीही चांगलं खायला घालतं. मला मंगळवारचं ताट बघायचं होतं.

कागलवरून वडापची जीप धरून मुरगुडात उतरलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. दार उघडंच होतं. चपला न वाजवता आत गेलो. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर ताट, ताटात कोबी-गाजर घातलेल्या नूडल्सचा ढीग, डाव्या हातात चमचा. कामावरच्याच साडीत वैनी कढई घेऊन तिच्यापुढं उभी होती.

"आणि घ्या की आई, उरल्यात."

"वाढ. मऊ बघून दे."

तेवढ्यात आईची नजर वर आली. तिनं आधी काय केलं असेल? ताटावर पदर टाकला.

"आत्ता कुठनं उगवलास?"

"काय खायलीस?"

"शेवया हायत."

"नूडल्स हायत भावजी," वैनी म्हणाली. तिला माझं अचानक येणं नवं वाटल्यासारखं दिसलं नाही. "हात धुवा, तुमाला बी वाढतो."

मी बॅग खांद्यावरच ठेवून विचारलं, "काल मसूर आणि भाकरी सांगितलीस."

"काल खिचडी हुती," वैनी म्हणाली.

"मग भाकऱ्या कोण करतंय घरात?"

आईनं पदराखालून उजवा हात काढला. मनगट एका बाजूला वळलेलं, बोटं अर्धी मिटलेली. "ह्या हातानं थापू व्हय? मोरीत पाय घसरून पडलो, ते हाडच वाकडं बसलं. तुला सांगितलं न्हाय. तू तिकडं मशीन चालवतोस. डोक्यात हे घिऊन चालवलं आन काय झालं तर?"

"हाताचं ठीक आहे. जेवणाचं खोटं कशाला?"

आता ती चिडली. "एकदा खरं सांगितलं हुतं. खिचडी म्हटलं. तुझा घास हातातच ऱ्हायला. ताट बाजूला ठेवलंस आन म्हणालास, भूक न्हाय. मला दिसत न्हाय व्हय? फोनात मी तुझं तोंड बघत न्हाय, तुझं ताट बघतो. भाकरी म्हटलं की तू खातोस. मग सांगितल्या भाकऱ्या. माझं काय जातंय?"

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मी इथून तिचं ताट शोधत होतो आणि ती तिथून माझं बघत होती.

"आन माझं काय ओ भावजी?" वैनीनं कढई खाली ठेवली. "रोज रात्री फोन. काय केलंय वैनी, काय केलंय वैनी. पोलीस चौकीत हजेरी द्यावी तशी मी भाजी सांगतो. आईंस्नी म्हटलं, खरं सांगून टाका, तर ह्या म्हणत्यात पोरगं उपाशी झोपंल. ताईंनी कळवलंय आमाला, तुमी न्यायला येणार हायसा म्हणून. न्या की. मी कुठं आडवतोय? पर ह्यांस्नी इच्यारून न्या."

"मला कशाला इच्यारायचं," आई म्हणाली, "मी जाणारच न्हाय. ताई रोज रात्री भाकरी-वांगं घालती. दात हायत काय मला? हितं मऊ मिळतंय." आणि तिनं ताट वैनीपुढं केलं. "वाढ गं. गार व्हायल्यात."

तेवढ्यात दादा टेंपो लावून आला, मला बघून म्हणाला, "आलास? बस," आणि पातेल्यात काय आहे ते बघायला आत गेला.

पहिले दोन-तीन दिवस, खरं सांगतो, माझा संशय गेला नव्हता. मला बघून सगळे नीट वागत असतील असं वाटायचं. पण बुधवारी खिचडी खालून करपली, तरी वैनीनं ती तशीच वाढली आणि आईनं मटामटा खाल्ली. दाखवायला म्हणून कुणी करपलेली खिचडी करत नाही. शुक्रवारी गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातून चपात्या आल्या आणि कुकरची डाळ. कधी नुसता भडंग आणि चहा. आई अंगानं सुधारली होती. हे मला घरात पाऊल टाकल्या क्षणी दिसायला हवं होतं, पण मी ताट बघण्यात गुंतलो होतो.

एका संध्याकाळी न राहवून मी म्हटलं, "एखादी भाकरी झाली असती तर..."

वैनी कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पीठ डब्यात हाय. तुमचं दोनी हात चांगलं हायत."

आई हसली. मी खिचडी खाल्ली.

आता परत मस्कत. सातला ताट घेतो, मोबाईल ग्लासाला टेकवतो. आई खरं सांगते, आणि नाही सांगितलं तर मागून वैनीचा आवाज येतो, "आई, उसळ कुठली? पोहे हायत!" अजूनही एखाद्या दिवशी आई मेथी-भाकरी म्हणाली की माझे कान टवकारतात. मग वैनी ताट कॅमेऱ्यापुढं धरते, मी न मागता.

तुम्ही जे मागं राहिलात, तुम्हाला वाटत असेल की आम्ही तिकडं घर विसरतो. उलट आहे. आम्ही घर निघाल्या दिवशी होतं तसंच धरून बसतो, वार बदलू देत नाही, आणि मग त्या घरात कुणी खिचडी शिजवली तरी आम्हाला कुणीतरी चोरी केल्यासारखं वाटतं. मी ज्या घरी रोज जेवत होतो ते घर बहुतेक बापूंबरोबरच संपलं. पुढची कितीतरी वर्षं आईनं ते माझ्यासाठी बोलून बोलून चालू ठेवलं. आता मुरगुडात आहे ते वैनीचं घर आहे. तिथं माझ्या आईला मऊ आणि गरम मिळतं, आणि माझ्यासाठी तिथं रोज एक खरं उत्तर असतं.

नूडल्स ऐकत खुबूस खाणं सोपं नाही. घास पूर्वीसारखा उतरत नाही, दोन वेळा पाणी प्यावं लागतं. पण फोन ठेवल्यावर दुसरा फोन लावत नाही. दिवा घालवतो आणि झोपतो.