बाबा फिट

माझ्या आयुष्यातला पहिला इंग्रजी शब्द 'फिट'. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन होते. दर काही वर्षांनी त्यांची डॉक्टरी तपासणी निघायची आणि त्या दिवशी घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. संध्याकाळी ते जिलबी घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "साहेबानं फिट लिवलं!" शेजारच्या काकूंना मिरगी यायची, तेव्हा मात्र सारी गल्ली घाबरून म्हणायची, "फिट आली, फिट आली!" मी विचारलं, "बाबा, फिट असला का चांगला अन् फिट आली का बिमार, असं काहून?" ते हसले. "मले काय इचारते? तूच शीक इंग्रजी अन् मले सांग."

शिकले. सांगायचं राहून गेलं. अकोल्याच्या शाळेत आता इंग्रजीच शिकवते. फिट अँड फाइन, फिट अ‍ॅज अ फिडल, इन द पिंक ऑफ हेल्थ. पोरं विचारतात, मॅडम, सारंगी कशी काय तंदुरुस्त? माणूस गुलाबी झाला म्हणजे ताप आला ना? मी डाफरते, "पाठ करा म्हटलं ना!"

बडनेऱ्याला बाबांचं बीपी वाढलं तेव्हा मी मायला मोबाइलवर लिहायला शिकवलं. रोज सकाळी मी विचारायची, "बाबा?" ती लिहायची, "फिट". माझीच हौस! "बरे आहेत" शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्या मंगळवारी सकाळी उत्तर आलंच नाही. छोट्या सुट्टीत, साडेअकराला आलं: "बाबा फिट". लिहिलं बाई एकदाचं, असं म्हणत मी अंगठा पाठवला आणि सातवीच्या वर्गात गेले.

दीडला डबा उघडताना सहज फोन लावला. "जेवली का माय?"

"कुठलोक आली तू? गाडी भेटली ना?"

"कोणती गाडी?"

"अवं, बाबाले फिट आली म्हनून लिवलं ना तुले! तू अंगठा दाखवला. मले वाटलं, निंगाली."

दोन तास ती त्यांच्या नाकाशी कांदा धरून बसली होती. शाळेच्या वेळात फोन करायचा नाही, हे मीच तिला बजावलेलं. शेजाऱ्यांनाही हाक मारली नाही, कारण शिकलेली पोरगी निघाली होती, ती येऊन सगळं पाहणार होती. "ऑटो बोलाव, आत्ताच्या आत्ता!" मी किंचाळले, आणि वर तिलाच बोलले, "धड एक वाक्य लिहिता येत नाही का तुले?" याची लाज मला अजून वाटते.

मेंदूत रक्ताची गुठळी होती. थोडं आधी आणायला पाहिजे होतं, डॉक्टर म्हणाले. मायनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता बाबांचा उजवा हात हलत नाही. बोलणं गेलं, एक शब्द तेवढा उरला. भूक लागली तरी तोच, पाय दुखला तरी तोच. रोज सकाळी माय फोन त्यांच्या तोंडाशी धरते आणि मी विचारते, "बाबा, कसं वाटून राह्यलं?"

"फिट," ते म्हणतात.

पूर्वी फक्त शनिवारी घरी जायची. आता शनिवार असो नसो, मी पर्स उचलते आणि स्टेशन गाठते.