बाटली उकळायची की वाफवायची

आमच्या घरात भांडण लागलं ते एका चोखणीपायी. ह्यांनी ती राहात्याच्या बाजारातून हौसेनं आणली होती, गुलाबी, मागे फुलपाखरू. मला नको होती. पण ती तोंडात गेली की पोरगी गप्प, आणि पोरगी गप्प तर घर गप्प, म्हणून मीही गप्प बसले.

मग एक दिवस बाळाला बघायला आलेल्या एका बाईंच्या हातून ती ओट्यावर पडली. आमचा ओटा म्हणजे शेतातल्या वस्तीवरचा, गोठ्याला लागून. त्यावरून माणसं, कोंबड्या आणि सुटलेली वासरं सारख्याच हक्कानं ये-जा करतात. बाईंनी चोखणी उचलली, पदराला पुसली, वर एक फुंकर मारली आणि दिली की पोरीच्या तोंडात! मी आतून "अहो, अहो" करत धावेपर्यंत ती मिटक्या मारायला लागली होती. त्यानंतरचे जुलाब, सलाईन आणि माझं रडणं मी सांगत बसत नाही. पोरगी बरी झाली. घरी सोडताना डॉक्टर मात्र मला असे बोलले, जणू ओट्यावर मीच लोळले होते.

"तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू आधी घासायची, मग निर्जंतुक करायची. उकळा, वाफवा, गोळी वापरा. कसं ते तुमचं तुम्ही ठरवा."

तुमचं तुम्ही ठरवा! आमच्या घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा कधी एका बैठकीत ठरलेलं नाही.

आणि मला ठरवायची घाई होती. माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. वीज कंपनीच्या तालुक्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर मी बसते. लोक येतात, लाईट का गेली म्हणून माझ्यावर ओरडतात, मी नोंद करून घेते. कुणाला काय वाटायचं ते वाटो, मला ती नोकरी जिवापाड आवडते. परीक्षा देऊन, मुलाखतीत रडकुंडीला येऊन मिळवलेली आहे. पण पोरगी बाटलीनं दूध प्यायली तरच मी जाणार, आणि पोरगी बाटलीला तोंड लावेना. हे एकदा म्हणालेसुद्धा, "नाहीच प्यायली तर घरीच राहा की. काय अडलंय?" त्या रात्री त्यांना जेवायला काय मिळालं ते त्यांना विचारा.

दूध माझंच, पंपानं काढून ठेवलेलं. तो पंप आला तेव्हा सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, बराच वेळ तो उलटसुलट करून बघत होत्या. गोठ्यात गायींचं दूध काढायचं मशीन आहेच. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी आता मशिनी दोन झाल्या. फॅट किती लागती बघ जरा." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. अशा बाईसमोर लाजून उपयोग नसतो, म्हणून मीही हसून घेतलं.

तर उमेदवार तीन होते. पहिलं, वाफेचं मशीन. ते नणंदबाईंनी पुण्याहून पाठवलं, सोबत एक स्टीलची बाटली. बटण दाबलं की वाफ होते, आपोआप बंद होतं, बघत बसावं लागत नाही. नणंदबाईंचा रोज फोन, "वहिनी, लावलं का?" लावलं हो, पण ते चालतं लाईटवर, आणि वस्तीवरची लाईट ऐन वेळी हमखास जाते. वाफ येते न येते तोच मशीन गार. मी खुद्द वीज कंपनीतली बाई! आमचे मामंजी गोठ्यातून मोठ्यानं विचारायचे, "सूनबाई, तक्रार कुठं नोंदवायची?"

दुसरं, उकळणं. हा माझ्या आईचा पक्ष. ती नेवाशाहून फोनवर बजावायची, "मोठं पातेलं घे, बाटली पूर्ण बुडाली पाहिजे, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, वर झाकण. आणि गॅसपासून हलायचं नाही." मी हलले नाही. पण एका सकाळी अंघोळीला जाताना ह्यांना उभं केलं. हे उभेच होते, मोबाईल बघत. पाणी आटलं, पातेलं लाल झालं आणि फुलपाखराची चोखणी तळाला भज्यासारखी चिकटली. वर हेच मला म्हणाले, "कसला तरी वास येतोय गं."

तिसरं, गोळी. गार पाण्यात विरघळवायची आणि बाटली त्यात बुडवून ठेवायची. लाईट नको, गॅस नको. मेडिकलवाल्यानं ती पाणी शुद्ध करायच्या औषधाच्याच जातीतली असल्याचं सांगितलं. आत्याबाईंनी पाण्याचा वास घेतला. "ही तर ग्रामपंचायत टाकीत टाकती ती पावडर. त्यानं माझ्या लुगड्याचा रंग गेल्ता." झालं, त्यांच्या लेखी गोळी बाद.

मी तिन्ही पद्धती आळीपाळीनं करून पाहिल्या. पोरगी प्रत्येक वेळी बाटली तोंडाशी आली की नाक मुरडायची, मान फिरवायची आणि असा टाहो फोडायची की गोठ्यातल्या गायी उभ्या राहायच्या. मशीननं केली तर मला वाटायचं, मशीनचा वास. उकळली तर वाटायचं, तोंडात धरायचं रबरी बूच कडक झालं. नणंदबाई म्हणायच्या उकळू नका, आई म्हणायची मशीन फेकून दे. मधल्या मध्ये माझं डोकं उकळत होतं.

आणि आत्याबाई? एरवी मिठाच्या खड्यावरसुद्धा मत देणारी बाई, गोळीवरचा तो एक शेरा सोडला तर, या बाबतीत अगदी शांत. "तुमचं चालू द्या," एवढंच. मला ते खटकायला लागलं. मनात आलं, हिलाच नको असेल मी जायला. घरात राबायला सून लागते, पोरगी बाटलीला शिवली नाही म्हणजे हिचं आपोआप साधतंय. दिवसभर हा विचार कुरतडायचा आणि मी भांडी जरा जास्तच आपटायचे.

दिवस कैऱ्यांचे होते. आत्याबाईंचं लोणचं आमच्या भागात नावाजलेलं. वर्ष उलटलं तरी त्यांच्या बरणीला बुरशी येत नाही, याचा त्यांना मोठा तोरा. घरभर मोहरी, मेथी आणि हिंग. माझ्या केसांनासुद्धा लोणच्याचा वास होता.

रविवारी सकाळी मी बाटली उकळली, झाकणाखाली ठेवली आणि अंघोळीला गेले. टॉवेल विसरला म्हणून परत आले, तर बाटली जागेवर नाही. मागच्या दाराशी धूर दिसला. आत्याबाई उकिडव्या बसलेल्या. पुढे वाटीत धगधगता निखारा, त्यावर चिमूटभर हिंग, आणि त्या धुरावर चिमट्यात उपडी धरलेली नणंदबाईंची स्टीलची बाटली! धूर पुरेसा आत गेल्यावर त्यांनी चटकन झाकण लावलं. मग बुचाची पाळी.

"आत्याबाई!"

त्या दचकल्या नाहीत. उलट माझ्यावरच खेकसल्या, "हळू बोल, धुरी मोडती."

लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देतात हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे सगळेच देतात. पण पोरीच्या बाटलीला?

"रोज देता?"

"रोज म्हंजी? तुजं झालं की मी देती. तुज्या त्या पान्याचा आन् वाफंचा काय भरवसा? माजी बरनी कदी नासली का? सांग. आन् हिंग पोटाला बरं असतंया."

म्हणजे उकळलेली बाटलीही हिंगाची, वाफवलेलीही हिंगाची आणि गोळीतलीही हिंगाची. पोरगी बिचारी लोणच्याच्या बरणीतून दूध प्यायला नाही म्हणत होती, आणि मी मशीनवर आणि आईवर संशय घेत बसले होते! मला इतका राग आला की तोंडातून भलतंच निघालं.

"मला कामावर जाऊ द्यायचं नाही ना तुम्हाला? मग तसं सांगा की सरळ!"

आत्याबाईंनी चिमटा खाली ठेवला. एकदम त्यांचे डोळे भरले. त्यांना तसं बघायची मला सवय नव्हती.

"येडी हाय का तू? पोरीला पुन्यांदा काय झालं तर तुजीच नोकरी जानार. मला कोन काय म्हननार हाय? तू निर्धास्त जावी म्हनून तर ह्यो सगळा खटाटोप."

मी तशीच बिनअंघोळीची त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. वाटीतला हिंग जळून गेला. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चल, कसं उकळायचं ते दाव एकदा."

मी दाखवलं. आधी ब्रशनं घासणं, मग बुडवणं, झाकण, आणि नंतर पदराला पुसायचं नाही, फुंकर मारायची नाही, धुरी तर नाहीच नाही. "आन् आरती?" त्यांनी विचारलं. स्वारी रुळावर आली होती.

सोमवारी मी गेले. जाताना पोरगी माझ्याकडे बघतही नव्हती, त्याचंही मला वाईट वाटलं. खिडकीपुढं रांग लागली होती. लोक ट्रान्सफॉर्मरवरून तावातावानं बोलत होते आणि माझं सगळं लक्ष मोबाईलकडे. शेवटी मीच फोन लावला.

"आत्याबाई, प्यायली का?"

"पिली."

"खरं? सगळं?"

"व्हय गं. तू आदी त्या लोकांची लाईट बघ." आणि फोन ठेवून दिला. मला काही तरी लपवतायत असं वाटत राहिलं. पुन्हा हिंग असेल, दुसरं काय.

संध्याकाळी वस्तीवर उतरले तर ओट्यावर कोण बसलंय ते ओळखू येईना. माझा गाऊन. जांभळ्या फुलांचा, कालचा, खांद्यावर दूध सांडलेला. गाऊन घालून ओट्यावर यायची मला बंदी होती, डेअरीचा टेम्पो येतो म्हणून. तो गाऊन लुगड्यावरूनच चढवून आत्याबाई भर ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर माझी लेक. तिनं गाऊनचा तो दूध सांडलेला खांदा मुठीत धरलेला, आणि बाटलीचं बूच चुटूचुटू ओढणं चाललेलं.

"हसशील तर बघ," त्या म्हणाल्या. "सकाळी तोंडच लावंना. बाटली चांगली उकळली हुती, तू म्हनली तशी. मंग म्हनलं, हिला बाटलीचं काय न्हाई, हिला आय पायजे. तुज्या वासाचा ह्यो खुटीवर हुता, घातला."

"दिवसभर अंगात आहे?"

"मंग? पोरगी दिवसभर पेती की."

"आणि डेअरीचा टेम्पो?"

"यून गेला. माजं ध्यान न्हवतं."

हसायचं राहूनच गेलं. मी तिथंच पायरीवर बसले आणि पोरीच्या तळपायाला हात लावला. मग काही तरी बोलायचं म्हणून म्हणाले, "काढा तो, मळलाय. धुवायला टाकते."

"खबरदार," आत्याबाई म्हणाल्या. "बाटल्या उकळायच्या तेवढ्या उकळ. ह्याला पानी लावायचं न्हाई."