व्हर्नाची शेवटची तारीख

शेजारच्या व्हर्नाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक कॅलेंडर आहे, त्याला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. ऑगस्ट लागला की ती रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या चौकोनात ‘हमिंगबर्ड’ लिहिते आणि कालचं खोडते. आज दिसलेला पक्षी शेवटचा की नाही, हे त्या दिवशी कळत नाही ना. ते दक्षिणेला निघून गेले की खोडायची राहिलेली तारीख तेवढी खरी. ही पद्धत तिच्या नवऱ्याची, हार्लनची. चाळीस वर्षं चाललाय हा खुळेपणा. मला पक्ष्यांपेक्षा माझे टोमॅटो प्यारे.

यंदा हार्लनला माणसं ओळखू येईनाशी झाली. पक्षी मात्र सगळे ओळखायचा. मागच्या अंगणात हमिंगबर्डसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटलीसमोर बसून नर कुठला, मादी कुठली ते बिनचूक सांगायचा, आणि व्हर्नाला म्हणायचा, “बाई, दमला असाल. जा आता घरी.”

“घरीच आहे रे मी,” ती म्हणायची.

तीस ऑगस्टला आम्ही तिघं तळ्यावर गेलो. लून पक्ष्यांचं जोडपं दक्षिणेला निघून गेलं होतं, मागे राहिलेलं पिल्लू एकटंच पोहत होतं. व्हर्नाचे डोळे भरले. हार्लननं तिचा हात धरला.

“रडतेस काय, व्हर्ना? सापडते त्यांना वाट.”

घरी येताच तिनं त्या दिवसाच्या चौकोनात स्वतःचं नाव लिहिलं आणि बावीस तारखेवरचं तेच नाव खोडलं. तो तिला नावानं हाक मारायचा, त्या दिवसाची ती नोंद होती. मघाचा खुळेपणा हा शब्द मी मागे घेते.

अकरा सप्टेंबरला हमिंगबर्ड गेले. तिचं नाव तीस ऑगस्टवरून हललं नाही.

ऑक्टोबरात मी सूप घेऊन गेले, तर हार्लन कॅलेंडरची पानं मागे उलटून उभा होता. बोट तिच्या नावावर.

“हा कुठला पक्षी, बाई?”

“घरातलाच,” व्हर्ना म्हणाली. “कुठे जात नाही तो.”

“मग पुढे नोंद का नाही?”

“दिसलाच नाही रे तुला.”

हार्लननं तिच्या खांद्यावर थोपटलं. “येतात काही उशिरा. बाटली काढू नका एवढ्यात.”

तिनं काढली नाही. थंडीनं साखरपाणी गोठतं. रोज सकाळी ती बाटली आत आणते, कोमट करते आणि पुन्हा बाहेर टांगते.