नाटकाच्या दिवसाचा स्वयंपाक

सावली या तालुक्याच्या ठिकाणापुढे तळ्याकाठी एक गाव आहे. तिथे नाटक मंडळ सुरू झालं तेव्हा गोकुळाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नवरा केवळराम मंडळाचा सचिव, शिवाय दर नाटकात राजा. धान घरात आलं की तालमी त्यांच्याच अंगणात व्हायच्या, कारण अंगण मोठं आणि चहा हमखास.

पहिली दोन वर्षं गाणारी नायिका वडशाहून आणली. गोकुळा चहा गाळता गाळता सगळी पदं शिकली. नाटक मात्र तिने पाहिलं नव्हतं. नाटकाच्या दिवशी घरोघर पाहुणे येतात. त्यांच्या पंगती उठून भांडी घासून होईपर्यंत तिसरा अंक लागलेला असतो. गावच्या सुनांनी दोन्ही नाटकं भोंग्यावरून ऐकली. गोकुळाच्या सासूनेही, बायनाबाईंनीही, तशीच.

तिसऱ्या वर्षी वडशाच्या बाईंच्या तारखा जुळेनात. एका संध्याकाळी पेटीवाले लटारूभाऊ नुसतेच सूर धरून बसले होते. आत तांदूळ निवडणाऱ्या गोकुळाने पद उचललं. लटारूभाऊंनी पेटी थांबवली नाही. पद संपल्यावर ते म्हणाले, "केवळराम, तू वडशाले फोन कायले लावून राह्यला? नायिका तं तुह्या घरातच बसून हाये."

बायनाबाईंना गाण्याचं वावडं नव्हतं. रोवणीच्या वेळी चिखलात पहिलं गाणं त्याच उचलायच्या. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "गाते तं गाऊ दे. पण त्या दिवशी जवाईबापूच्या पानात भात कोण वाढीन?"

"होते ना आई सारं. पाहू," केवळराम म्हणाला.

"तू पाहशीन? तुले घरातलं मीठ कुठी रायते, थे माहीत नाई."

मंडळाच्या बैठकीत कामं वाटली गेली. मंडप, पडदा, लाइट, पत्रकं. गोकुळा दारात उभी होती. तिने विचारलं, "अन् सैपाक?"

सगळे हसले. "सैपाक का मंडळाचं काम हाये, वैनी?"

पत्रकं छापून आली, त्यांवर तिचं नाव होतं. एक पत्रक तिने तांदळाच्या कोठीवर चिकटवलं. दिवसातून तीनदा त्या कोठीपाशी जावंच लागे.

नाटकाच्या दिवशी सकाळीच तळ्यात जाळं पडलं. घर मासेमारीचं, तेव्हा पाहुण्यांना मासळीचा रस्सा हवाच. सतरा माणसं. गोकुळा पदं पुटपुटत मसाला वाटत होती. केवळराम पहाटेपासून मंडपाकडे. दिवस मावळेस्तोवर सगळे जेवले, फक्त जावई देवानंद यायचा होता. कुरखेड्याहून येणारी गाडी उशिरा होती. त्याची बायको रीता, म्हणजे गोकुळाची नणंद, आदल्या दिवशीच आली होती.

मंडपातून पेटी ऐकू आली. गोकुळा उठली.

"जवाईबापू जेवल्याबिगर तू जाचं नाई," बायनाबाई म्हणाल्या.

"मी वाढतो ना वो, आई," रीता म्हणाली.

"माहेरी आलेली पोरगी वाढीन? लोक का म्हणतीन?"

गोकुळाचा प्रवेश पहिल्याच अंकात होता. ती क्षणभर चुलीकडे बघत राहिली. मग भाताच्या गंजावर झाकण घातलं. "रीताताई, तिकून धरा."

दोघी गंज घेऊन मंडपाकडे निघाल्या. बायनाबाई मागून ओरडत आल्या, पण येताना रश्श्याचं भांडं घेऊन आल्या.

पडद्यामागे केवळराम मुकुट घालून मिशी चिकटवत होता. गोकुळाने गंज त्याच्या पायाशी ठेवला.

"जवाईबापू आले का वाढा. मीठ या पितळी डब्बीत हाये."

"मी? अवं, मी राजा हावो!"

"तुमची एंट्री दुसऱ्या अंकात हाये. माही आता हाये."

तिने हात धुतले, पदराला पुसले, पावडर लावून घेतली आणि गेली.

देवानंद आला तेव्हा पळसाच्या पानावर त्याला राजाने भात वाढला. "राजेसाहेब, बस्स, बस्स," म्हणत तो संकोचून जेवला. त्याचं पाहून सेनापतीही पान घेऊन बसला. बायनाबाई लक्ष ठेवायला उभ्या होत्या. समोर गोकुळाचं पद सुरू झालं तशा त्या पडद्याची कड धरून बघू लागल्या. रीताने त्यांना हाताला धरून पुढे नेलं, बायकांत बसवलं. शेवटचा पडदा पडेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

सकाळी गोकुळा गंज घासत होती. बायनाबाई शेजारी येऊन बसल्या, राखेची टोपली तिच्याकडे सरकवली.

"दुसऱ्या पदाले घाई केली तू."

"हो," गोकुळा म्हणाली. "श्वास पुरला नाई."

"पुढच्या साली पुरीन."

पुढच्या साली त्याच अंगणात बैठक बसली. मंडप, पडदा, लाइट लिहून झाल्यावर केवळरामने आपणहून 'सैपाक' लिहिलं आणि विचारलं, "नाव कोणाचं टाकू?" सगळे खाली बघू लागले.

आतून बायनाबाईंचा आवाज आला, "राजाचं टाक. त्यानं मागच्या साली रश्श्यात दोनदा मीठ टाकलं होतं, तं मीठ मी पाहीन."