उत्पला

ताई, लग्नानंतर तुमसर रोडच्या फलाटावर तू आणि आई मला पोचवायला आला होतात, तेव्हा धुकं अजून उतरलं नव्हतं. "तिथं गेल्यावर रडत नको बसू, पोट्टे," आई म्हणाली. गाडी हलली आणि तुम्ही दोघी धुक्यात विरत गेलात.

यांची नोकरी रेल्वेत, म्हणून रायपूर. क्वार्टरसमोर कडुनिंब, शेजारणी 'दीदी' म्हणणाऱ्या. भाजीवालीसारखी मीही 'हो'ला 'हव' म्हणू लागले. ते दिवस फार हलके होते.

मग मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, पण रडलीच नाही. आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो. फोनवर आई म्हणाली, "विसरून जाय. दुसरं होईन." तूही तेच म्हणालीस. प्रेमानंच म्हणालात.

पण अंगाला कसं विसरायला सांगणार? दूध येतच होतं. दुपारी कूलरच्या घरघरीत तान्ह्याचं रडणं ऐकू यायचं आणि मी घरभर शोधत फिरायची. शेजारचं बाळ दिसलं की दार लावून घ्यायची. सगळं पाण्याखालून पाहावं तसं दिसे. एकदा तव्यावर पोळी जळून धूर झाला, तरी मी तिथंच उभी. यांनी गॅस बंद केला. "मले भीती वाटून राहिली तुयी," ते म्हणाले. "चल, कोणाले तरी दाखवू."

चौबे कॉलनीत एक समुपदेशक बाई भेटल्या. त्यांचे आजोबा नागपूरकडचे, म्हणून मराठी समजायची, उत्तर मात्र हिंदीत. "माँ से जिस भाषा में बात करती हो, उसी में बोलो." सुरुवातीला मी खिडकीबाहेरच बघत बसायची. त्यांनी घाई केली नाही. रडणं ऐकू आलं की पाय फरशीवर टेकवायचे, श्वास लांब सोडायचा, समोर दिसेल त्याचं नाव घ्यायचं, हे शिकवलं. दवाखान्यातला तो दिवस माझ्याकडून थोडा थोडा वदवून घेतला. फार दुखलं की थांबायचं.

एकदा मी म्हणाले, "माह्यंच काही चुकलं असन."

"किसने कहा?"

कोणीच नाही, ताई. मीच रोज स्वतःला सांगत होते. त्या दिवशी पोटभर रडले.

पुढच्या वेळी हेही सोबत होते. बाईंनी विचारलं, "बच्ची का नाम सोचा था?"

"उत्पला," मी म्हणाले. पहिल्यांदाच तोंडातून निघालं. मला वाटायचं, हे कधीच विसरले असतील. ते खाली मान घालून म्हणाले, "मी त रोज ड्यूटीवर जाताना मनातल्या मनात तिले हाक मारतो."

दुःख गेलं नाही. पण आता दुपारी झोप लागते, शेजारचं बाळ मांडीवर घेता येतं. तिची आठवण येते, तेव्हा जीव कासावीस होत नाही, ऊर भरून येतो.

घर म्हणजे मला आता एवढंच वाटतं, की उत्पलाचं नाव काढलं तर कोणी विषय बदलू नये. रायपुरात तसं एक घर झालंय. उन्हाळ्यात आम्ही तुमसरला येऊ. त्याआधी आईजवळ बस आणि तिला तिच्या नातीचं नाव सांग.