हात मांडीखाली

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. बाप शिंपी, मुलगी अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून त्याने ठेवलेलं. कापडाच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला ती परदेशी निघाली, तेव्हा निरोप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनीही तिला याच नावाने हाक मारली.

तिकडच्या कॉलेजात एक अट होती. वर्षाला साठ तास कुठेतरी फुकट राबायचं, त्याशिवाय पुढच्या वर्षात पाऊल नाही. टाचणीने वृद्धाश्रम निवडला. करुणा वगैरे काही दाटून आली नव्हती. तो बसथांब्याला लागून होता, एवढंच. शिवाय थोरामोठ्यांची सेवा आपल्याला कोण शिकवणार, असाही एक तोरा होता. तो पहिल्याच शनिवारी उतरला.

सकाळी एका खोलीत सात म्हातारे शर्ट घालत बसले होते. टाचणी शिंप्याची पोर. तिने दारापासून सुरुवात केली आणि चहा यायच्या आत सातही जणांची बटणं लावून मोकळी झाली. शाबासकीच्या आशेने मागे वळून पाहते तो काय, खिडकीजवळचा निवृत्त पोस्टमन तिने लावलेली बटणं एकेक करून सोडत होता. सगळी सोडून झाल्यावर त्याने थरथरत्या बोटांनी पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली. चौदा मिनिटं लागली. चहाचं पाणी झालं. आणि सगळा वेळ तो तिच्याकडे रोखून पाहत होता.

देखरेखीच्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक खुर्ची आणून ठेवली. "इथे बस. हात मांडीखाली घे. त्यांनी मागितले तरच काढायचे."

कसली दगडाच्या काळजाची माणसं, असं तिने त्या दिवशी घरी फोन करून सांगितलं. पण चार-सहा शनिवारांनी तिला नीट बसता यायला लागलं. हात मोकळे नसले की कान मोकळे होतात, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. पोस्टमन चौथ्या बटणापर्यंत आला की बोलायला लागायचा: कुठल्या घरचं कुत्रं चावरं होतं, कुठल्या दारी पत्र न देताच परतावंसं वाटायचं. साठ तास केव्हाच संपले. टाचणी जातच राहिली.

दुसऱ्या वर्षी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, डावा लटपटू लागला, बोलणं सावकाश झालं. फोनवर आई म्हणाली, "तू परीक्षा सोडून येऊ नकोस. मी त्यांना काडीलाही हात लावू देत नाही."

वर्षापूर्वी हे ऐकून टाचणीचा जीव भांड्यात पडला असता. आता तिला लावलेली बटणं सोडणारा पोस्टमन आठवला.

पुढच्या सुट्टीत ती सहा आठवडे घरी आली. पुढच्या खोलीतलं दुकान बंद होतं. मशीनवर चादर होती, इस्त्रीच्या टेबलावर औषधं. वडील कापड बेतायच्या टेबलाशी खुर्चीत बसवलेले. आईने त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. घास भरवायची, तोंड पुसायची. तीस वर्षं नवऱ्याने शिवलेल्या शर्टांची काजं-बटणं याच बाईने केली होती. आता तिने त्याच्या सगळ्या शर्टांची बटणं कापून टिचबटणं लावली होती. टच टच टच, की शर्ट तयार.

टाचणीने पोस्टमनची गोष्ट सांगितली. आईने भांडं दणकन आपटलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा! बाप इथे असा पडलाय, ही परक्या म्हाताऱ्यांपाशी बसते. आणि सेवा काय शिकून आली, तर नुसतं बघत बसायची!"

तरी दुसऱ्या दिवशी टाचणीने वडिलांच्या मांडीवर शर्ट ठेवला, आणि समोर हात मांडीखाली घेऊन बसली. वडिलांनी शर्टाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. पाव तास गेला. मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए..."

आई आली. टच टच टच. "झाले तुझे प्रयोग?"

टाचणी खजील झाली. तिने इतक्या लांबून खुर्ची आणली होती. पोस्टमन आणायचा राहिला होता. त्या माणसाला स्वतःलाच बटणं लावायची होती. तिच्या बापाला कशासाठी लावायची होती?

उत्तर खडू-कात्रीच्या खणात सापडलं. औषधांची चिठ्ठी शोधताना आईच्या नावाचा दवाखान्याचा कागद हाती आला. हर्नियाचं ऑपरेशन. दोन तारखा खोडलेल्या, तिसरी तीन आठवड्यांवर.

"हीसुद्धा पुढे ढकलणार," आई कुशीवर हात दाबत म्हणाली. "मी चार दिवस तिकडे पडले, तर हे काय उघडे बसतील? दुसऱ्या कुणाला, अगदी तुलाही, अंगाला हात लावू देत नाहीत. आणि त्यांना बोललीस तर बघ!"

टाचणीने दोन दिवस तो कागद खणातच राहू दिला. तिसऱ्या दिवशी आई बाजारात गेल्यावर तिने वडिलांना तो कागद तारखांसकट वाचून दाखवला. ही सरळसरळ चहाडी होती.

वडिलांनी तिसरी तारीख पुन्हा वाचायला लावली. मग त्यांनी डाव्या हाताने छातीवरचं टिचबटण उचकटलं. "हा शर्ट आहे? हे... झबलं आहे. तिला म्हणावं, बटणं लाव. बटणाखाली दोऱ्याची मान उंच ठेव, बोटात धरता येईल. काज जरा सैल."

आईने लेकीशी तीन दिवस अबोला धरला. पण बटणं लावली, सांगितली तशीच. नवऱ्याचा तो दुकानातला आवाज तिने झटक्यापासून ऐकला नव्हता.

पहिल्या दिवशी एक बटण लागलं. दुसऱ्या दिवशी तेही नाही, आणि वडील रडले. त्या दिवशी आई टाचणीला "कसाबाची औलाद" म्हणाली. मग वडिलांनीच खुणेने गप्प बसवल्यावर "ते तुम्हाला नव्हतं" म्हणाली. चौदाव्या दिवशी सहाच्या सहा लागली.

तिसरी तारीख उजाडली. नऊला दवाखान्यात पोचायचं होतं. टॅक्सी दाराशी उभी. बायकोला पोचवायला आपणही येणार, असा वडिलांचा हट्ट. ते शर्ट घालत होते. पाच बटणं लागली आणि सहाव्याला काजच उरलं नाही. सुरुवातच एक घर चुकली होती. कॉलरचं एक टोक कानाशी गेलेलं. शिंप्याच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं.

टाचणीच्या हातांना कंड सुटली. पोस्टमनसमोर बसणं सोपं होतं. तो तिचा बाप नव्हता.

वडिलांनी सगळी बटणं सोडायला घेतली. बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. आईचे दोन्ही हात पुढे गेले, अर्ध्यावर थांबले, आणि ती स्टुलावर बसून हात मांडीखाली घेत खिडकीकडे तोंड करून ओरडली,

"थांबा हो जरा! आमचे हे शर्ट घालताहेत!"