रंग गेला, माल तिथंच

शकील गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. हार्ट अटॅक म्हणे. शकीलवरच राग आला... काम अर्धं टाकून जातं का कुणी?

शिरूरच्या कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा, मी भूगोल. दौंडकडच्या एका पाणथळीचं त्याला वेड. लव्हाळं आणि बाभळीचा पाला कुजून तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं. मी त्याला घाण म्हटलं की तो भडकायचा. “अरे, यात हजारो पदार्थ विरघळलेत. कार्बनची कडी, त्यांना लोंबणाऱ्या साखळ्या. यांची रचना अजून कुणालाच पुरती उलगडलेली नाही, आणि तू घाण म्हणून मोकळा!”

त्याच पाणथळीकाठच्या विहिरीवरून एका गावाला नळ आले. गावाचं नाव लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल. नळाला तांबूस पाणी आलं तशी बोंबाबोंब झाली, आणि गावानं शक्कल काढली : रंग जाईपर्यंत टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर ओतायची. पाणी नितळ झालं, पेढे वाटले गेले. शकील मला घेऊन तडक सरपंचांकडे गेला.

“रंग गेला आबा, माल तिथंच हाय. त्या कड्यांना क्लोरीन चिकटून भलतंच काहीतरी तयार होतं. रोज पोटात जाणं बरं न्हाई. आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, पाणी गाळा, मग बेतानं टीसीएल.”

“आवो सर, त्याला दुसरी टाकी बांधाया लागंल,” आबा म्हणाले. “लाल पान्यापायी बाया रोज भांडत हुत्या. आता बोलतंय का कुनी?”

ओट्यावरचे सगळे फिदीफिदी हसले. शकील तरीही दर महिन्याला एसटीनं जात राहिला, नळाचं पाणी तपासत, तेच सांगत. पालथ्या घड्यावर पाणी!

आणि याच गावानं त्याची शोकसभा घेतली. फ्लेक्सवर फोटो, खाली ‘जलदूत’. आबांनी माझ्या हातात पेला दिला. “बगा सर, कसं निवळशंख.” टीसीएलचा भपका नाकात गेला. सगळ्यांसमोर पेला जमिनीवर ओतला आणि निघालो. अशोभनीय होतं म्हणतात. असू दे.

परवा शकीलची नमुन्याची बाटली घेऊन मी तिथल्या नळावर गेलो. भरण्याआधी शकील बाटली त्याच पाण्यानं विसळायचा, प्रत्येक वेळी, घाई असली तरी. मीही विसळली.

“आता तुमी बी का सर?” आबा ओट्यावरून ओरडले.

“व्हय आबा,” मी म्हणालो, “आता मी बी.”